मैदानावरचे वैरी, विभागाचे सोबती

नगरच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील चुरस मोठ्या शहरांच्या मानाने छोटी आहे. पण तिची रीत न्यारी आहे. आज ज्याच्या नावाने ओरडायचे, त्याच्याच यशासाठी काही दिवसांनी टाळ्या वाजवायच्या, ही कसरत इथल्या चाहत्याला दरवर्षी करावी लागते. ही रीत कशी घडली आणि ती टिकावी असे का वाटते, याचा एका चाहत्याने घेतलेला हा मागोवा.

क्रीडाविश्वात नगर जिल्ह्याचे नाव निघते ते बहुधा क्रिकेट आणि कुस्तीच्या संदर्भात. झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला, हे जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कुस्तीचे प्रेम तर गावोगावच्या यात्रांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर भरली, तेव्हा त्या प्रेमाचे दर्शन साऱ्या राज्याला घडले. या दोन खेळांच्या सावलीत एक तिसरा खेळ महाविद्यालयांच्या आवारात गेली कित्येक दशके निमूटपणे खेळला जात आहे. तो म्हणजे बास्केटबॉल.

महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्याला जमणारा प्रेक्षकवर्ग शे-दोनशेचा. तिकीट नसते, समालोचन नसते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात जिल्ह्याच्या पानावर चार ओळी आल्या तर आल्या. तरीही ज्याने नगरमध्ये महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि कोर्टाच्या कडेला उभे राहून एखादा अटीतटीचा सामना पाहिला, त्याला चुरशीची तीव्रता प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसते हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखक अशांपैकीच एक. उंची आणि दम या दोन्ही बाबतींत निसर्गाने हात आखडता घेतल्यामुळे कडेला उभे राहणे एवढेच वाट्याला आले. मात्र खेळात गढलेल्या खेळाडूला ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या कडेवरून स्पष्ट दिसतात. चुरस कशी तयार होते, ती कशावर पोसते आणि कशाने सुकते, या त्या गोष्टी.

तीन महाविद्यालये, तीन परंपरा

नगर शहरातील जुनी आणि मोठी महाविद्यालये तीन. स्टेशन रस्त्यावरचे अहमदनगर महाविद्यालय डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केले. पत्रकार चौकाजवळचे पेमराज सारडा महाविद्यालय हिंद सेवा मंडळाचे. ते साठच्या दशकात सुरू झाले. लाल टाकी परिसरातील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालय अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे. त्याची स्थापना १९७० ची. नगरकरांच्या तोंडी ही लांबलचक नावे कधीच नसतात. 'नगर कॉलेज', 'सारडा' आणि 'न्यू आर्ट्स' एवढे म्हटले की भागते. शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यातला हा आटोपशीरपणा कायम आहे.

तिन्ही संस्थांच्या मागे तीन निरनिराळ्या शैक्षणिक परंपरा आहेत आणि त्यांभोवती चाहत्यांनी आपापली चित्रे रंगवलेली आहेत. एका महाविद्यालयातली मुले वसतिगृहात राहणारी आणि इंग्रजी फाडणारी. दुसऱ्यातली जुन्या शहरातल्या पेठांतून सायकलवर येणारी. तिसऱ्यातली तालुक्याच्या गावांहून एसटीने येणारी, अंगापिंडाने मजबूत, असे हे ढोबळ चित्र. वस्तुस्थिती इतकी सरळ कधीच नव्हती. तिन्ही ठिकाणी तिन्ही तऱ्हांची मुले असत आणि आहेत. एकाच वाड्यातली दोन भावंडे दोन महाविद्यालयांत शिकत असल्याची उदाहरणे तर प्रत्येक गल्लीत सापडतील. पण चुरशीला असे व्यंगचित्र लागतेच. समोरचा आपल्यापेक्षा वेगळा आहे, अशी समजूत करून घेतल्याखेरीज त्याच्याविरुद्ध घसा फोडून ओरडता येत नाही. यांपैकी माझे महाविद्यालय कोणते, हे मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर निम्मे नगरकर वाचक हा लेख इथेच सोडतील.

शहराच्या या तिहेरी चुरशीला जिल्ह्याचे आणखी एक परिमाण आहे. नगर हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग कोणत्याही नकाशावर आखलेले नसले तरी प्रत्येकाच्या मनात आहेत. उत्तरेला पाटपाणी, ऊस, सहकारी साखर कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या शिक्षण संस्था. दक्षिणेला बहुतांशी अवर्षणप्रवण तालुके. संगमनेर महाविद्यालय, श्रीरामपूरचे रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय, कोपरगाव आणि लोणी-प्रवरानगर येथील महाविद्यालये ही उत्तरेची ठाणी. यांपैकी एखाद्याचा संघ शहरातल्या संघासमोर उभा राहिला, की कालपर्यंत एकमेकांकडे पाठ फिरवणारे शहरातले चाहते एकाच बाजूला येऊन बसतात. चुरशीची वर्तुळे अशी एकात एक असतात. बाहेरचे वर्तुळ उमटले की आतले तेवढ्यापुरते पुसले जाते.

हरलेल्यातून निवड

या वर्तुळांना आकार देते ती विद्यापीठाच्या स्पर्धांची रचना. नगरच्या चुरशीचे वेगळेपण या रचनेतच आहे. म्हणून ती थोडी तपशिलाने पाहायला हवी.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे (२०१४ पूर्वीचे पुणे विद्यापीठ) कार्यक्षेत्र मुख्यतः पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. क्रीडा स्पर्धांसाठी त्याचे पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे चार विभाग मानले जातात. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. नगर विभागातील महाविद्यालये तिच्यात एकमेकांशी खेळतात आणि विजेता ठरतो. दुसरी पायरी आंतरविभागीय स्पर्धेची. इथे महाविद्यालयांची नावे मागे पडतात आणि नगर विभागाचा एकच संघ इतर तीन विभागांशी लढतो. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि तिथे पात्र ठरल्यास अखिल भारतीय स्पर्धेत उतरतो. २०२० पासून या शिडीला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची वरची पायरीही जोडली गेली आहे.

चाहत्याच्या दृष्टीने कळीची जागा पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमधली. बास्केटबॉल संघ बारा जणांचा. विभागाचा संघ निवडताना केवळ विजेत्या महाविद्यालयाचे खेळाडू घेतले जात नाहीत. उपविजेत्यांतले, पहिल्याच फेरीत गारद झालेल्यांतलेही चांगले खेळाडू त्यात येतात. म्हणजे अंतिम सामन्यात ज्या खेळाडूने आपल्या महाविद्यालयाच्या तोंडचा घास हिरावला, तोच काही दिवसांनी आपल्या खेळाडूकडे चेंडू फेकत असतो आणि पुण्याविरुद्ध त्याने बास्केट केली की आपण उभे राहून टाळ्या वाजवत असतो. त्याच्यासाठी तयार केलेल्या टोमणेवजा घोषणा विसरून त्याच्या नावाची नवी घोषणा शोधावी लागते. हे दिसते तितके सोपे नसते. पहिल्या पाच-सात मिनिटांत टाळी अर्ध्यावर अडखळते. मग समोरचा पुण्याचा संघ आघाडी घेतो आणि अडखळणे आपोआप थांबते.

या रचनेचा दुसरा परिणाम चुरशीच्या दुर्मीळतेत दिसतो. पहिल्या पायरीवरचे सामने बव्हंशी बाद पद्धतीचे. हरलात की त्या वर्षापुरते घरी. शिवाय सोडतीत दोन महाविद्यालये विरुद्ध टोकांना पडली, तर त्यांची गाठ अंतिम फेरीतच पडणार. त्याआधी एकजण हरला तर त्या वर्षी गाठच नाही. पदवीच्या तीन वर्षांत प्रतिस्पर्ध्याशी दरवर्षी सामना झाला असे धरले, तरी चाळीस मिनिटांचे तीन सामने. खेळाडूच्या सबंध महाविद्यालयीन आयुष्यातील चुरशीची एकूण बेरीज अशी दोन तासांची भरते. या दोन तासांची गोष्ट पुढची वीस वर्षे सांगितली जाते, ती या टंचाईमुळेच.

दैवावर ढकलता न येणारा पराभव

बास्केटबॉल हा खेळ चुरशीला विशेष अनुकूल का, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्याचे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. फुटबॉलच्या मैदानावर खेळाडू प्रेक्षकाला ठिपक्याएवढा दिसतो. इथे त्याचा श्वास ऐकू येतो. कडेला उभ्या असलेल्या माणसाने मारलेला शेरा खेळाडूला ऐकू जातो आणि खेळाडूच्या चेहऱ्यावरची नाराजी प्रेक्षकाला दिसते. नगरच्या बऱ्याच आवारांतली कोर्टे उघड्यावरची, सिमेंटची. तिथे गॅलरी अशी नसतेच; पायऱ्या, कट्टा, सायकलींचे कॅरिअर आणि कुंपणाची भिंत हीच आसने.

दुसरे कारण गुणसंख्येचे. फुटबॉल किंवा हॉकीत एखादा गोल अपघाताने होतो आणि सामना फिरतो. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघ मिळून कित्येक डझन वेळा चेंडू जाळीतून पाडतात. एखादा फेक नशिबाने आत गेला किंवा कड्यावरून बाहेर उसळला, तरी चाळीस मिनिटांत अशा योगायोगांची वजाबाकी होऊन जाते. त्यामुळे बहुधा अधिक चांगला संघच जिंकतो. चाहत्याला हे न्याय्य वाटले तरी सुखावह वाटत नाही. दैव आडवे आले, अशी सबब सांगण्याची सोय या खेळाने फारशी ठेवलेली नाही. मग उरतात ते पंच. आणि नगरच्या कट्ट्यावर पंचांच्या दृष्टीविषयी जितके वैद्यकीय मतप्रदर्शन होते, तितके एखाद्या नेत्रशिबिरातही होत नसेल.

तिसरे कारण 'फ्री थ्रो'चे. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. एका सत्रात संघाचे चार फाउल झाले, की पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून जाणकार चाहता गुणांइतकेच फाउल मोजत असतो. फ्री थ्रोच्या वेळी सारा खेळ थांबतो. फळ्यापासून ४.६० मीटरवरच्या रेषेमागे एकटा खेळाडू उभा राहतो, त्याला कोणी अडवत नाही आणि पाच सेकंदांत त्याने चेंडू फेकायचा असतो. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवरचे ते कडे सरावात त्याने हजारदा भेदलेले असते. पण शेवटच्या मिनिटात, एका गुणाने मागे असताना, शे-दोनशे प्रतिस्पर्धी कंठ एकाच वेळी फुटतात, तेव्हा तेच कडे आक्रसल्यासारखे वाटते. प्रेक्षकाला सामन्यात प्रत्यक्ष हस्तक्षेप करण्याची खेळाने दिलेली ही एकमेव अधिकृत संधी, असे चाहते मानतात.

या संधीचीही एक अलिखित मर्यादा आहे आणि जुन्या चाहत्यांनी ती कटाक्षाने पाळलेली पाहिली आहे. खेळावर ओरडायचे, खेळाडूच्या घरावर, जातीवर, रूपावर नाही. प्रतिस्पर्धी खेळाडू पडला आणि उठेना, की गलका थांबतो. तो लंगडत का होईना बाहेर चालू लागला, की दोन्ही बाजूंनी टाळ्या होतात. या मर्यादेमागे सभ्यता आहेच, शिवाय थोडा व्यवहारही आहे. हा खेळाडू काही दिवसांनी आपल्याच विभागाकडून खेळणार आहे. त्याच्या मनात कायमचा सल ठेवून कोणाचेच भले होणार नाही.

स्प्रिंगफील्डची टोपली आणि टोबॅको रोड

महाविद्यालय आणि बास्केटबॉल यांचे नाते या खेळाच्या जन्माइतकेच जुने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात बंद सभागृहात मुलांना व्यायाम व्हावा, एवढाच हेतू. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. चारच वर्षांत, फेब्रुवारी १८९५ मध्ये, मिनेसोटा राज्यात दोन महाविद्यालयांचा सामना झाला आणि तो ९-३ असा निकालात निघाला. एप्रिल १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींच्या संघांची लढत झाली. स्टॅनफर्डने ती २-१ अशी जिंकली. त्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता.

मॅसॅच्युसेट्सशी नगरचा संबंध त्याहून जुना आहे. बॉस्टनस्थित मंडळाने पाठवलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला केंद्र उघडले. याच मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगर येथील संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. ज्या विद्यापीठाच्या स्पर्धांविषयी आपण बोलत आहोत, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बास्केटबॉलचा भारतातला प्रसार मात्र प्रामुख्याने वायएमसीएमार्फत झाला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हे खेळ देशभर नेले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी विसाच्या दशकात नागपाड्याला वस्तीकेंद्र उभारले. पुढे तो सारा परिसरच मुंबईच्या बास्केटबॉलची पेठ बनला. अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर हे तिथलेच. नगरला लष्कराच्या छावणीचेही सान्निध्य आहे. लष्करी तुकड्यांत बास्केटबॉलचे कोर्ट ही नित्याची गोष्ट असल्यामुळे हा खेळ शहराला कधी परका वाटला नाही.

या खेळाच्या मायदेशी महाविद्यालयीन चुरस किती टोकाला जाते, याचे सर्वश्रुत उदाहरण म्हणजे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन विद्यापीठे. दोहोंतले अंतर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर.  तंबाखूच्या व्यापारामुळे 'टोबॅको रोड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टापूत १९२० पासून ही लढत चालू आहे. एक विद्यापीठ खासगी, देशभरातून विद्यार्थी येणारे. दुसरे राज्याचे, अठराव्या शतकात स्थापन झालेले, स्थानिकांना आपले वाटणारे. ड्यूकच्या आवारात या सामन्याच्या प्रवेशासाठी विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. इतक्या वर्षांच्या इतिहासात राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत ही दोन विद्यापीठे पहिल्यांदा समोरासमोर आली ती २ एप्रिल २०२२ रोजी. नॉर्थ कॅरोलिनाने ८१-७७ असा विजय मिळवला आणि ड्यूकचे बेचाळीस हंगाम प्रशिक्षक राहिलेले माईक शशेवस्की यांचा तो अखेरचा सामना ठरला. त्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही यांपैकी एका रंगाची निशाणी लावून हिंडतात. एका घरात दोन रंग असले तर सामन्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शांतता असते म्हणे.

तुलना करायची ती भव्यतेची नव्हे. तिथे हजारोंची प्रेक्षागृहे, दूरचित्रवाणीचे कोट्यवधींचे करार आणि व्यवसाय म्हणून खेळाकडे पाहणारे खेळाडू आहेत. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तिथे ड्यूकचा खेळाडू आणि नॉर्थ कॅरोलिनाचा खेळाडू महाविद्यालयीन हंगामात एका संघातून खेळत नाहीत. विद्यापीठ हाच शेवटचा संघ. त्याच्यावर एकत्र आणणारा विभाग नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही सुकर झाले. त्यामुळे कालचा प्रतिस्पर्धी आज आपल्या रंगात दिसतो, तो बहुधा करारामुळे. आपल्याकडे हा रंगबदल शिडीतच बांधलेला आहे. तो पंधरवड्यापुरता असतो, त्यात पैसा नसतो आणि तो संपला की दोघेही आपापल्या महाविद्यालयात परततात. चुरस पुरेपूर ठेवूनही वैर साचू न देणारी ही व्यवस्था कोणी मुद्दाम त्या हेतूने आखली नसेल. पण तिचे फळ मात्र मोलाचे आहे.

तुटलेली साखळी

ही व्यवस्था कागदावर आजही जशीच्या तशी आहे. तिच्याभोवतीचा प्रेक्षक मात्र विरळ होत चालला आहे आणि त्याची कारणे खेळाबाहेरची आहेत.

सत्र परीक्षा पद्धती आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षांचा हंगाम येतो. दिवाळीच्या आगेमागे होणारे सामने आणि परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात. खेळाडूला विद्यापीठाकडून थोडीफार सवलत मिळते; प्रेक्षकाला कोण सवलत देणार? अनेक विद्यार्थी प्रवेश एका महाविद्यालयात घेतात आणि दिवस स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत काढतात. त्यांना आपल्या आवारातले कोर्ट कोणत्या दिशेला आहे, हे ठाऊक असण्याचे कारण उरत नाही.

याहून खोल घाव २०२० नंतरच्या करोनाकाळाने घातला. महाविद्यालयीन चुरशीची स्मृती कुठे लिहिलेली नसते. ती तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून पहिल्या वर्षाच्या मुलांकडे तोंडी जाते. कोणत्या कोपऱ्यात उभे राहायचे, कोणती घोषणा कधी द्यायची, कोणत्या वर्षी कोणी शेवटच्या सेकंदाला कशी बास्केट केली, हे सारे तीन कड्यांच्या साखळीतून पुढे सरकते. आवारे बंद राहिली, स्पर्धा थांबल्या आणि जाणते विद्यार्थी निरोप न घेताच पदवी घेऊन निघून गेले. नव्यांनी आवारात पाऊल ठेवले तेव्हा सांगणारे कोणी नव्हते. खेळाडूंना प्रशिक्षक पुन्हा घडवू शकतात. प्रेक्षक घडवण्याची जबाबदारी कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

नोंदींची स्थिती तर त्याहून दयनीय. क्रिकेटचा एखादा जिल्हास्तरीय सामनाही धावफलकाच्या रूपाने कुठेतरी उरतो. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे मात्र जिमखान्याच्या कपाटातील काळवंडलेले चषक आणि महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात छापलेली संघाची छायाचित्रे एवढेच दस्तऐवज. छायाचित्राखाली नावे असतात; पण कोणाविरुद्ध, किती गुणांनी, कोणत्या परिस्थितीत जिंकलो, याचा पत्ता नसतो. चुरस म्हणजे अखेर हिशेब. हिशेबाची वहीच नसेल तर थकबाकी कशाची आणि कोणाकडून मागायची?

यावर उपाय खर्चिक नाहीत. शहरातील तीन महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या स्पर्धेआधी, पावसाळा ओसरताच, दरवर्षी ठरलेल्या तारखांना आपसांत सामने ठेवावेत: मुलांचे आणि मुलींचे, एकदा यांच्या आवारात, एकदा त्यांच्या. त्यात बाद होण्याची भीती नसल्यामुळे सोडतीच्या लहरीवर चुरस अवलंबून राहणार नाही आणि दोन तासांची ती बेरीज दुप्पट-तिप्पट होईल. ज्या महाविद्यालयाला बारा खेळाडू जमत नाहीत, त्याने अर्ध्या कोर्टावरचा तिघा-तिघांचा प्रकार खेळावा. टोकियो ऑलिम्पिकपासून त्यालाही मान मिळाला आहे. मुलींच्या सामन्यांना मुलांच्या सामन्याआधीची वेळभरणी न मानता स्वतंत्र संध्याकाळ द्यावी. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघातून खेळली, त्या वाटेची सुरुवात अशाच एखाद्या कोर्टावर होत असते. आणि प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता ग्रंथालयात जपून ठेवावा. माजी खेळाडू आज बँकांत, शाळांत, पोलीस दलात, शेतीत आहेत. त्यांच्या घरच्या ट्रंकांमधील कात्रणे आणि त्यांच्या आठवणी गोळा केल्या, तर मागच्या पन्नास वर्षांची वही बऱ्यापैकी भरता येईल. ते काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटले, तर सांगणारे उरणार नाहीत.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. शे-दोनशे मुलांनी एका संध्याकाळी ओरडण्याने जिल्ह्याचे काय भले होणार? उत्तर साधे आहे. उत्तर-दक्षिण, शहर-खेडे, ही संस्था-ती संस्था अशा भेदांची या जिल्ह्याला कमतरता नाही. त्या भेदांना मोकळे तोंड फुटते, कोणाला इजा होत नाही आणि काही दिवसांत समोरच्याला आपला म्हणून टाळी द्यावी लागते, अशी जागा मात्र फार थोडी आहे. विसाव्या वर्षी ज्याने ती अर्ध्यावर अडखळलेली टाळी पूर्ण केली असेल, त्याला पुढच्या आयुष्यातही समोरच्या बाजूचे कौतुक करणे थोडे सोपे जाते.

येत्या हंगामात कधी संध्याकाळी स्टेशन रस्त्याने किंवा लाल टाकीवरून जाताना आवारातून चेंडू आपटल्याचा आवाज आला, तर दहा मिनिटे थांबून पाहावे. गुणफलक नसेल, तर गुण कोणालाही विचारावेत. सांगणारा कोणाच्या बाजूचा आहे, हे त्याच्या स्वरावरूनच कळेल.